ओट्यामागची भिंत

विद्यार्थ्यांनो, आज घरी गेल्यावर स्वयंपाकघरात उभे राहा आणि ओट्याच्या मागची भिंत नीट पाहा. घरातील दुसरी कोणतीही भिंत इतके सोसत नसेल. फोडणीचे तेल तिच्यावर उडते. हळदीचे हात तिला लागतात. भाताची वाफ तिच्यावर जमते, आणि नळाचे पाणी दिवसभर तिच्यावर शिंतडत राहते. म्हणूनच या भिंतीवर चुना किंवा रंग फार दिवस टिकत नाही, आणि लोक तिथे टाइल्स बसवतात. ओट्यापासून वर दीड-दोन फूट उंचीच्या या टाइल्सच्या पट्ट्याला आमच्याकडचे गवंडी 'डॅडो' म्हणतात. शब्द बाहेरून आलेला आहे, पण आता तो प्रत्येक गवंड्याच्या तोंडी आहे.

हे काम दिसते सोपे. चार दुकाने पाहायची, आवडलेली टाइल घ्यायची आणि गवंड्याला बोलवायचे. आमच्या घरीही आधी असेच झाले होते. त्याचे काय झाले ते प्रथम सांगतो.

आमचे घर मालेगावात आहे. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने आमच्या ओट्यामागे टाइल्स बसवून दिल्या होत्या. काम एका दिवसात झाले आणि दिसायला छान दिसत होते. २०२२ च्या रमजानमध्ये, एप्रिलच्या भर उन्हाळ्यात, इफ्तारच्या थोडे आधी माझी धाकटी बहीण भजी तळत होती. शेगडीच्या मागची एक टाइल भिंतीपासून सुटली आणि सरळ कढईत पडली. उकळते तेल तिच्या मनगटावर उडाले. अम्मीने तिचा हात लगेच नळाखाली धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. भाजल्यावर पहिला उपाय हाच. टूथपेस्ट किंवा तूप लावू नये. पुढे दवाखाना, मलमपट्टी सगळे झाले. जखम बरी झाली, पण तिच्या मनगटावरचा डाग अजून आहे.

दुसऱ्या दिवशी मी पडलेल्या टाइलची मागची बाजू पाहिली. तिच्या चार कोपऱ्यांना आणि मध्ये असे सिमेंटचे फक्त पाच गोळे होते. बाकी सगळी पाठ कोरी होती. भिंतीवर जुन्या ऑइल पेंटचा हिरवा थर तसाच होता. म्हणजे ती टाइल भिंतीला चिकटलेली नव्हतीच. ती पाच गोळ्यांच्या आधाराने रंगाच्या पापुद्र्यावर टेकलेली होती.

ईद झाल्यावर आम्ही ते काम नव्याने करायचे ठरवले. या वेळी मी आमच्या ओळखीच्या एका वयस्कर गवंड्याला बोलावले. तालुक्यातल्या एका खेड्यातून ते सायकलवर येत. आम्ही त्यांना मिस्त्रीकाका म्हणत असू. ते अम्मीला भाभी म्हणत आणि मला सर. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून त्यांच्या हाताखाली मजूर म्हणून मीच राहिलो. या पाठातील बहुतेक शब्द मी पुस्तकातून नव्हे, त्यांच्याकडून शिकलो.

मिस्त्रीकाकांनी आल्याबरोबर खिशातून एक रुपयाचे नाणे काढले आणि प्रत्येक टाइलवर ठोकून पाहिले. जिच्या मागे माल पूर्ण भरलेला असतो, ती टाइल घट्ट, बद्द आवाज देते. जिच्या मागे हवा असते, तिचा आवाज पोकळ येतो. रिकाम्या मडक्यावर टिचकी मारावी तसा. आमच्या बहुतेक टाइल्स मडक्यासारख्या वाजल्या. काका म्हणाले, "सर, एक पडली ते बरं झालं. नाहीतर बाकीच्या कधी पडल्या असत्या ते कळलंच नसतं."

जुन्या टाइल्स काढताना सिंकजवळच्या भागात एक वेगळीच गोष्ट सापडली. तिथले प्लास्टर ओले होते आणि त्यावर पांढरी भुकटी आली होती. मराठीत याला भिंतीला लोणा लागणे म्हणतात. आपण उर्दूत म्हणतो, दीवार को शोरा लग गया. भिंतीच्या आतून जाणाऱ्या पाण्याच्या पाइपचा एक जोड गळत होता. विटांमध्ये आणि सिमेंटमध्ये थोडे क्षार असतातच. पाणी ते क्षार विरघळवून पृष्ठभागाकडे आणते. तिथे पाणी उडून जाते आणि क्षारांचे स्फटिक मागे राहतात. हे स्फटिक वाढू लागले की प्लास्टरला आतून ढकलतात. वर टाइल असेल तर तिलाही ढकलतात. म्हणून गळती बंद केल्याशिवाय टाइल बसवणे म्हणजे दुखणे झाकून ठेवणे.

नळकारागिराने जोड बदलला. मिस्त्रीकाकांनी त्या भागाचे प्लास्टर विटेपर्यंत काढून टाकले आणि सांगितले, "आता भिंत वाळू द्या. मी तीन आठवड्यांनी येतो."

खरे सांगायचे तर मला ते आवडले नाही. अम्मीने शेगडी बाहेर ओसरीत मांडली होती. मे महिन्याचे ऊन, ओसरीवरचा पत्रा, आणि त्याखाली तिचा दोन वेळचा स्वयंपाक. मी काकांना म्हणालो की आठ दिवसांत काम उरका. ते हसले. त्यांनी एक प्लास्टिकचा कागद घेतला, तो भिंतीवर ठेवला आणि चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद केला. "उद्या याच्या आतल्या बाजूला बघा. पाणी दिसलं तर भिंत ओली आहे असं समजा," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी कागदाच्या आत दवासारखे थेंब होते. आठ दिवसांनी पुन्हा पाहिले, तेव्हाही होते. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी कागद कोरडा निघाला. अम्मीने तोपर्यंत एकदाही तक्रार केली नाही. तक्रार मीच करत होतो.

या तीन आठवड्यांत आम्ही मापे घेतली आणि टाइल्सची निवड केली. हा भाग तुम्हाला आवडेल, कारण यात तुमचे गणित आहे.

आमचा ओटा इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा आहे. तो काळ्या कडप्प्याचा आहे. कडप्पा हा दगड आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यातून येतो, म्हणून त्याला ते नाव पडले. आपल्या घरात अशी गावांची नावे पायाखालीही असतात. शहाबादी फरशी कर्नाटकातल्या शहाबादची आणि कोटा फरशी राजस्थानातल्या कोट्याची. आणि 'फरशी' हा शब्द तर तुम्हाला मराठीत शिकावा लागणार नाही, तो आपल्या 'फर्श'चाच भाऊ आहे.

ओट्यामागची लांब भिंत २५० सेंटिमीटर आणि आखूड भिंत १५० सेंटिमीटर होती. टाइल्स ६० सेंटिमीटर उंचीपर्यंत लावायच्या होत्या. आम्ही २० बाय ३० सेंटिमीटरची टाइल निवडली, जिला दुकानदार 'आठ बाय बारा' म्हणतात, कारण ती आठ इंच रुंद आणि बारा इंच लांब असते. ती उभी लावली तर दोन ओळींत ६० सेंटिमीटर होतात.

आता किती टाइल्स लागतील? वर्गात विचारले तर तुम्ही क्षेत्रफळ काढाल. दोन्ही भिंती मिळून ४ मीटर, उंची ०.६ मीटर, म्हणजे २.४ चौरस मीटर. एका टाइलचे क्षेत्रफळ ०.०६ चौरस मीटर. भागाकार केला की ४० येतात. हे उत्तर परीक्षेत बरोबर आहे, भिंतीवर नाही. कारण टाइलचे तुकडे करावे लागतात, आणि प्रत्येक तुकड्याचा उरलेला भाग उपयोगी पडतोच असे नाही.

लांब भिंतीचेच पाहा. दोन टाइल्सच्या मध्ये २ मिलिमीटरचा सांधा ठेवायचा असतो. म्हणजे एका टाइलला २०.२ सेंटिमीटर जागा लागते. एका टोकापासून सुरुवात केली तर १२ अख्ख्या टाइल्स बसतात आणि शेवटी ७.६ सेंटिमीटरची अरुंद पट्टी उरते. एका बाजूला अख्खी टाइल आणि दुसऱ्या बाजूला ही चिंधी, हे वाईट दिसते. मिस्त्रीकाकांनी भिंतीचा मध्य काढला आणि मधली टाइल बरोबर त्या मध्यावर धरली. मग ११ अख्ख्या टाइल्स आणि दोन्ही टोकांना १३.८ सेंटिमीटरचा एकेक तुकडा असा हिशेब आला. दोन्ही बाजू सारख्या झाल्या. पहिल्या पद्धतीने दोन ओळींना २५ टाइल्स लागल्या असत्या, या पद्धतीने २६. फरक फक्त एका टाइलचा! तुम्ही हा हिशेब वहीत करून पाहा. १३.८ सेंटिमीटरचे दोन तुकडे एका टाइलमधून का निघत नाहीत, हेही तपासा.

आखूड भिंतीला एक बाजू उघडी होती आणि दुसरी कोपऱ्यात होती. उघड्या बाजूला अख्खी टाइल घेतली आणि कापलेला तुकडा कोपऱ्यात लपवला, कारण तिथे पाण्याचे मडके राहणार होते. दोन ओळींना ७ अख्ख्या टाइल्स, आणि एका टाइलमधून दोन्ही ओळींचे तुकडे, अशा १५ टाइल्स. एकूण ४१ झाल्या. फुटतूट धरून साधारण दहा टक्के जास्त घ्याव्यात, म्हणजे ४५. आमच्या दुकानातील पेटीत १५ टाइल्स होत्या. तीन पेट्या घेतल्या.

दुकानात गेल्यावर डोळे दिपतात. भारतातील बहुतेक टाइल्स गुजरातमधील मोरबी येथे तयार होतात, आणि तिथून येणाऱ्या नमुन्यांना अंत नाही. पण निवड करताना रंगाच्या आधी टाइलची जात पाहावी. भिंतीची सिरॅमिक टाइल ही भाजलेली माती असते. तिच्या तोंडावर काचेसारखा चकचकीत लेप असतो, पण तिची पाठ सच्छिद्र असते आणि पाणी पिते. व्हिट्रिफाइड टाइल मात्र आतूनही जवळजवळ काचेसारखी घट्ट असते, ती पाणी पीत नाही. साध्या सिमेंटला अशा टाइलची पाठ पकडता येत नाही. तिला तयार चिकटवण्याचा माल, ज्याला टाइल अ‍ॅडेसिव्ह म्हणतात, तोच वापरावा लागतो. अनेक घरांत टाइल्स पडतात त्या याच चुकीमुळे.

मातीवर काचेचा लेप भाजून चढवण्याची ही कला आपल्याला नवी नाही. उर्दूत तिला काशीकारी म्हणतात. कर्नाटकातील बीदर शहरात महमूद गावान यांनी १४७२ मध्ये बांधलेला मदरसा आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर आणि मनोऱ्यावर रंगीत काशीच्या टाइल्स होत्या. आज त्यांतील बऱ्याच गळून पडल्या आहेत, तरी उरलेल्यांचा निळा रंग साडेपाचशे वर्षांच्या ऊन-पावसानंतरही उडालेला नाही. कधी बीदरला गेलात तर जरूर पाहा. रंग टिकला आहे; जिथे गेली आहे तिथे पकड गेली आहे.

पुन्हा दुकानात येऊ. मला साधी पांढरट, चकचकीत टाइल हवी होती. खरखरीत टाइलवर तेल बसले की निघत नाही. अम्मीला मात्र द्राक्षांच्या घडाचे चित्र असलेली टाइल हवी होती. अशा चित्राच्या टाइलला दुकानदार 'हायलायटर' म्हणतात. मी म्हणालो, स्वयंपाकघरात चित्रे कशाला? ती म्हणाली, "उभं मला राहायचं आहे की तुला?" यावर उत्तर नव्हते. चित्राच्या दोन टाइल्स वेगळ्या घेतल्या. पेट्या घेताना एक गोष्ट मी काकांच्या सांगण्यावरून पाहिली. प्रत्येक पेटीवर छटेचा क्रमांक छापलेला असतो. एकाच नमुन्याच्या टाइल्स वेगवेगळ्या दिवशी भाजल्या तर त्यांच्या रंगात किंचित फरक पडतो. म्हणून सर्व पेट्या एकाच क्रमांकाच्या आणि एकाच वेळी घ्याव्यात.

तीन आठवड्यांनी मिस्त्रीकाका आले. ज्या भागाचे प्लास्टर काढले होते, तिथे त्यांनी नवे केले, आणि ते ओले असतानाच खिळ्याने त्यावर आडव्यातिडव्या रेघा ओढल्या. गुळगुळीत भिंतीला माल धरत नाही. जिथे प्लास्टर चांगले होते, तिथला ऑइल पेंट खरवडून काढला आणि छिन्नी-हातोड्याने जवळजवळ टाचे मारले. नव्या प्लास्टरवर मी सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारले.

इथे तुम्हाला प्रश्न पडेल. मला तर पडलाच होता. आधी तीन आठवडे भिंत वाळवली आणि आता तिच्यावर पाणी का मारायचे? याचे उत्तर सिमेंटच्या स्वभावात आहे. सिमेंट चिखलासारखे वाळून घट्ट होत नाही. त्याची पाण्याशी रासायनिक क्रिया होते आणि त्या क्रियेतून ते दगडासारखे कठीण बनते. ही क्रिया अनेक दिवस चालते. मध्येच पाणी संपले तर क्रिया अर्धवट राहते आणि सिमेंट भुसभुशीत होते. मालेगावच्या मे महिन्यात तर पाणी बघता बघता उडून जाते. म्हणजे आपण बाहेरून शिंपडलेले पाणी सिमेंटच्या कामी येते आणि नंतर संपते. पाइपमधून गळणारे पाणी संपतच नाही, ते रोज नवे क्षार घेऊन येते. पाणी दोन्हीकडे आहे, पण एक मित्र आहे आणि एक शत्रू.

टाइल्स पाण्यात भिजत घालण्याचे कारणही हेच. आम्ही त्या आदल्या रात्री मोठ्या टबात उभ्या करून ठेवल्या. पाण्यात घालताच त्यांच्या पाठीतून बुडबुडे निघू लागले. छिद्रांतील हवा बाहेर पडत होती आणि तिथे पाणी शिरत होते. कोरडी टाइल लावली तर ती मालातील पाणी शोषून घेते आणि सिमेंट उपाशी राहते. लावण्यापूर्वी मात्र टाइल बाहेर काढून उभी ठेवावी, म्हणजे पाठीवरचे जास्तीचे पाणी निथळते. ओघळणाऱ्या पाण्यावरून टाइल घसरते. तयार अ‍ॅडेसिव्ह वापरायचे असेल तर बहुधा टाइल भिजवायची नसते. तिथे पोत्यावर छापलेली सूचना वाचावी आणि तीच पाळावी.

कामाच्या दिवशी काकांनी आपली हत्यारे ओट्यावर मांडली. थापी, म्हणजे आपली करनी. ओळंबा, ज्याला आपण साहूल म्हणतो. दोरीच्या टोकाला बांधलेले हे वजन सरळ पृथ्वीच्या केंद्राकडे ओढले जाते, त्यामुळे भिंत उभी सरळ आहे की नाही ते कळते. गुण्या, काटकोन तपासण्यासाठी; हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे. आणि एक पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी. ती त्यांनी पाण्याने भरली आणि एक टोक माझ्या हातात दिले.

ही नळी म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकातील धडा आहे. नळी कशीही वाकवली तरी तिच्या दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीवर उभे राहते, फक्त मध्ये हवेचा बुडबुडा अडकलेला नको. काकांनी एका कोपऱ्यात पाण्याच्या पातळीवर खूण केली, मी दुसऱ्या कोपऱ्यात केली. दोन खुणांना जोडणारी रेघ अगदी आडवी असते. त्या रेघेपासून ओट्यापर्यंत माप घेतले, तर आमचा ओटा सिंककडे ८ मिलिमीटर उतरलेला निघाला! डोळ्यांना तो आजवर सरळ दिसत होता. ओट्यावर टेकवून टाइल्स लावल्या असत्या तर सगळी ओळ तिरकी गेली असती, आणि वरच्या कडेला ते लगेच दिसले असते. म्हणून काकांनी ओट्याच्या सर्वांत खालच्या जागेपासून एका टाइलची उंची मोजली आणि तिथून आडवी रेघ मारली. त्या टोकाला पूर्ण टाइल बसली. पुढे ओटा जसा वर येत गेला, तशी प्रत्येक टाइल खालून थोडी थोडी कापावी लागली.

कापण्याचे काम यंत्राने झाले. मला ते करायचे होते, पण काकांनी हात लावू दिला नाही. डोळ्यांवर चष्मा, नाकावर फडके, आणि टाइलवर सतत पाण्याची धार. टाइलच्या धुळीत वाळूचे अतिसूक्ष्म कण असतात. ते वर्षानुवर्षे श्वासातून गेले तर फुप्फुसे निकामी होतात. पाण्यामुळे धूळ उडत नाही. मात्र पाणी आणि विजेचे यंत्र जवळ जवळ असले की शॉक लागण्याची भीती असते, म्हणून वायर ओल्यात पडू देऊ नये आणि पाय कोरडे ठेवावेत. घरातील मुलांनी तर तिथे थांबूच नये.

त्याआधी आम्ही दोन कामे केली होती. गॅसची टाकी बंद करून बाहेर ठेवली होती, आणि स्वयंपाकघराची वीज मेन स्विचवरून तोडली होती, कारण भिंतीत मिक्सरचा बोर्ड होता. पूर्वी तो सिंकच्या अगदी वर होता. वायरमनने तो नळापासून दूर हलवला. हे बदल टाइल्सच्या आधी करायचे असतात. नंतर आठवले की फोडाफोडी आलीच.

माल एक भाग सिमेंट आणि तीन भाग चाळलेली बारीक वाळू असा होता. काका एका वेळी थोडाच कालवत. सिमेंट अर्ध्या तासानंतर घट्ट होऊ लागते, आणि मग त्यात पुन्हा पाणी घालून ते मऊ केले तरी त्याची ताकद गेलेली असते. भिंतीवर पाणी शिंपडून त्यांनी टाइलच्या संपूर्ण पाठीवर माल पसरला. कोपऱ्यांपर्यंत, कुठेही कोरी जागा न ठेवता. त्यावर नुसत्या सिमेंटची पातळ रबडी फिरवली आणि टाइल भिंतीवर दाबून लाकडी दांड्याने हलके ठोकले. जास्तीचा माल चारही कडांनी बाहेर आला. "असा माल बाहेर आला की समजायचं आत भरलं," काका म्हणाले. मला पाच गोळे आठवले. त्या ठेकेदाराचा फार तर एखादे घमेले माल वाचला असेल.

दोन टाइल्सच्या मध्ये ते प्लास्टिकचे छोटे अधिकचिन्ह ठेवत, म्हणजे सर्व सांधे सारखे येतात. काही लोकांना सांधा नकोच असतो. टाइलला टाइल चिकटवा म्हणतात. पण शेगडीच्या उष्णतेने टाइल किंचित प्रसरण पावते. तिला जागा मिळाली नाही तर ती शेजारणीला ढकलते आणि दोघींपैकी एक सुटते. दर तीन-चार टाइल्सनंतर काका ओळंबा आणि पट्टी लावून पाहत. एक टाइल मी लावली. तिचा एक कोपरा किंचित पुढे आला होता. बोटानेच कळत होता, डोळ्यांनी नाही. काकांनी काही न बोलता ती काढली, माल खरवडला आणि पुन्हा लावली.

लांब भिंत पूर्ण झाल्यावर आखूड भिंतीच्या कोपऱ्यातील तुकड्याचे माप त्यांनी नव्याने घेतले. पहिल्या भिंतीवर टाइल आणि माल चढल्यामुळे ती जवळजवळ दीड सेंटिमीटर पुढे आली होती. कागदावरच्या मापाने आधीच तुकडा कापला असता तर तो बसला नसता. कापताना दोन टाइल्स फुटल्या. अम्मीच्या द्राक्षांच्या दोन टाइल्स शेगडीपासून दूर, वरच्या ओळीत लागल्या.

सांधे भरण्याचे काम दुसऱ्या दिवशी केले. सांध्यांसाठी पांढरे सिमेंट वापरण्याची जुनी पद्धत आहे. ते स्वस्त असते, पण हळद पिते. तयार ग्राउट त्यापेक्षा बरे, आणि इपॉक्सीचे ग्राउट सर्वांत चांगले, कारण ते पाणी आणि तेल आत घेत नाही. ते महाग असते आणि फार लवकर घट्ट होते, म्हणून हात सराईत हवा. आम्ही शेगडी आणि सिंक यांच्या मागे इपॉक्सी वापरले आणि बाकी ठिकाणी साधे ग्राउट. पैसा जिथे गरज तिथे, हा हिशेब अम्मीचा. ओटा आणि टाइल यांच्यामधल्या सांध्यात मात्र सिमेंट न भरता सिलिकॉन भरले. ओट्यावर कोणी वरवंटा आपटला की दगड थोडा हादरतो, भिंत हादरत नाही. अशा जागी सिमेंटला तडा जातो आणि तिथून पाणी आत शिरते. सिलिकॉन रबरासारखे ताणले जाते.

काकांनी आणखी तीन दिवस शेगडी पेटवू दिली नाही. चौथ्या दिवशी अम्मीने पहिला चहा केला. काकांना बशीसकट कप दिला आणि त्यांनी तो ओट्याजवळ उभ्या उभ्याच घेतला. मग खिशातून तेच एक रुपयाचे नाणे काढून माझ्या बहिणीच्या हातात दिले आणि म्हणाले, "बेटी, तू वाजवून बघ."

तिने डाव्या टोकापासून सुरुवात केली. एकेका टाइलवर नाणे ठोकत ती शेगडीच्या मागे आली. तिथे थोडी थांबली आणि दोनदा ठोकले. मग सिंकपर्यंत गेली. आवाज सगळीकडे सारखा होता.

चार टाइल्स उरल्या. त्या काकांच्या सांगण्यावरून कागदात गुंडाळून, पेटीवरच्या छटेच्या क्रमांकासह पलंगाखाली ठेवल्या आहेत. पुढच्या वर्षी नळाची तोटी बदलताना त्यांतली एक लागली. आता तीन आहेत.